सोने न दाखवणारी यंत्रे : न्यूझीलंडच्या ज्वालामुखी प्रदेशातील सहा दिवस

पहिला दिवस : ऑकलंड ते टेम्स

निवृत्तीपूर्वी मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे आणि दर वर्षी चुंबकसुईचा नतिकोन, म्हणजे ती आडव्या पातळीशी करते तो कोन, फळ्यावर काढून दाखवत असे. तो नतिकोन खऱ्या अर्थाने डोळ्यांनी पाहण्याचा योग मात्र यंदाच्या एप्रिलमध्ये, ऑकलंडच्या विमानतळाबाहेर आला. हौसेने बरोबर घेतलेले जुने होकायंत्र तळहातावर ठेवले, तर सुई फिरेचना. तिचे उत्तर टोक वर उचललेले आणि दक्षिण टोक तबकडीला टेकून घासणारे. मला घ्यायला आलेला भाचा हसत म्हणाला, "मामा, तुमचे होकायंत्र उत्तर गोलार्धासाठी तोललेले आहे. इथे चुंबकक्षेत्र जमिनीतून तिरपे वर निघते, त्यामुळे सुईच्या दक्षिण टोकावर बसवलेले वजन इथे उलट त्रासच देते."

भाचा भूभौतिकीचा अभ्यासक आहे आणि ज्वालामुखी प्रदेशातील सोन्याचांदीचे साठे जमीन न खणता कसे समजून घ्यावेत, हा त्याच्या कामाचा विषय आहे. सहा दिवस त्याच्या मागे हिंडायचे आणि यंत्रांना नेमके काय दिसते ते पाहायचे, एवढाच माझा बेत होता. प्रवासाच्या आरक्षणांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. फक्त एक सूचना करतो : बुटांच्या तळव्यांना चिकटलेली माती घरीच खरवडून, धुऊन यावे आणि बूट, हातोडी, दगडाचे नमुने असे काही बरोबर असेल तर विमानतळावर आपणहून सांगावे. तिथली जैवसुरक्षा तपासणी अत्यंत काटेकोर असते.

ऑकलंडहून टेम्सकडे जाताना हौराकीचे सपाट मैदान लागते. ते इतके निरुपद्रवी दिसते की खाली काही घडले असेल असे वाटत नाही. पण ही जमीन भेगांच्या दोन रांगांमध्ये खचलेली आहे, आणि वर हलका गाळ साचल्यामुळे गुरुत्वमापनात तिथे ठळक खळगा उमटतो. मैदानाच्या पूर्वेला एकदम उभे राहणारे डोंगर म्हणजे कोरोमंडल द्वीपकल्प. नाव ओळखीचे वाटले ना? १८२० साली येथे आलेल्या 'कोरोमंडल' नावाच्या जहाजावरून ते पडले, आणि जहाजाचे नाव आपल्या पूर्व किनाऱ्यावरून.

टेम्समध्ये १८६७ साली सोन्याची शीर, म्हणजे खडकाच्या भेगेत साचलेला सोनेयुक्त खनिजाचा पट्टा, सापडली आणि गाव रातोरात वाढले. तेथील जुन्या खाणकाम विद्यालयाच्या संग्रहालयात लाकडी कपाटांतून खनिजांचे नमुने मांडलेले आहेत. सोन्याचे नमुने मला निराश करणारेच वाटले. बहुतेकांत सोने भिंगाशिवाय दिसत नाही.

दुसरा दिवस : कारांगाहाकेची घळ

सकाळी पायरोआ गावातून पुढे निघालो. या गावच्या खनिजयुक्त झऱ्याच्या पाण्यापासून सुरू झालेले लिंबाचे फसफसते पेय देशभर प्रसिद्ध आहे, आणि त्याची भलीमोठी बाटली गावात उभी केलेली आहे. पेय फारच गोड होते, पण त्याच्या जोडीला घेतलेला चीज-कांद्याचे सारण भरून भाजलेला गरम 'पाय' हा पदार्थ उत्तम होता.

कारांगाहाके घळीत ओहिनेमुरी आणि वाइतावेटा या दोन नद्या एकत्र येतात. कडे उभे, अंगावर येणारे, नेच्यांनी झाकलेले. वाइतावेटाच्या कड्यातून जुन्या खाणीचे बोगदे गेले आहेत आणि त्यांना नदीच्या बाजूला खिडक्यांसारखी भोके आहेत. विजेरी विझवली की बोगद्याच्या छतावर काजव्यांसारखे निळसर ठिपके लुकलुकतात. ते एका माशीच्या अळ्यांचे असतात. तेथे जाणाऱ्यांनी प्रत्येकी एक विजेरी न्यावी, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नये, आणि पायाखाली रुळांच्या खोबणीत पाणी असते हे लक्षात ठेवावे.

पण माझा दिवस गेला तो रस्त्याच्या कडेला, एका साबणाच्या वडीएवढ्या यंत्राच्या नादात. हे यंत्र खडकाला टेकवले की तो चुंबकाला किती दाद देतो, म्हणजे त्याची चुंबकीय ग्रहणशीलता किती, ते आकड्यात सांगते. भाच्याने ते प्रथम रस्त्याच्या वरच्या बाजूच्या काळपट, टणक अँडेसाइट या ज्वालामुखी खडकाला लावले : सहस्रांशाच्या मापात १८. घळीच्या दिशेने पन्नास पावले चालून त्याच जातीच्या खडकाला पुन्हा लावले : ११. खडक आता हिरवट दिसू लागला होता. आणखी पुढे, जेथे तो फिकट राखाडी आणि नखाने ओरखडता येण्याइतका मऊ झाला होता, तेथे यंत्र म्हणाले ०.२. मी यंत्र बिघडले असे समजून ते स्वतःच्या हातात घेतले, पुसले, पुन्हा लावले. पुन्हा ०.२.

"या खडकातले मॅग्नेटाइट कुठे गेले?" मी विचारले. मॅग्नेटाइट म्हणजे खडकाला चुंबकत्व देणारे लोहखनिज.

भाच्याने हातोडीने एक खपली काढून भिंग माझ्या हाती दिले. राखाडी खडकात मोहरीपेक्षाही बारीक, पितळी रंगाचे चौकोनी दाणे चमकत होते. ते पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज. लाखो वर्षांपूर्वी या भेगांमधून गंधकयुक्त गरम पाणी वर चढले, त्याने मॅग्नेटाइटमधले लोह गंधकाशी जोडले आणि खडकाचे चुंबकत्व पुसून टाकले. त्याच पाण्याने खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती केली, भेगांत सिलिका भरली, आणि अनुकूल ठिकाणी सोने व चांदीही सोडली. सोने टनामागे काही ग्रॅम असते. विमानातून फिरणाऱ्या चुंबकमापकाला ते दिसण्याचा प्रश्नच येत नाही. पण सोन्याची शीर मीटरभर रुंद असली तरी तिच्या भोवतीचा हा पुसलेला, मऊ पडलेला खडक शेकडो मीटर, कधी काही किलोमीटर पसरलेला असतो. चुंबकीय नकाशावर तो खळबळीतल्या शांत डोहासारखा दिसतो, कारण ताज्या ज्वालामुखी खडकाची नोंद नेहमीच खडबडीत, वरखाली उड्या मारणारी असते.

शिरेचा एक तुकडा आम्हाला जुन्या टाकाऊ दगडांच्या ढिगाऱ्यात पाहायला मिळाला. संरक्षित क्षेत्र असल्याने तेथून काहीही उचलता येत नाही, म्हणून पावसात उकिडवे बसूनच तो न्याहाळला. पांढऱ्या गारेचे (क्वार्ट्झचे) थर एकावर एक, मधूनच काजळाची रेघ ओढावी तशी काळी पट्टी, आणि एका कडेला पत्त्यांचा कॅट विस्कटावा तशा पातळ पाकळ्या. या पाकळ्या मूळच्या कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाच्या. पाणी उकळू लागले की तसे कॅल्साइट तयार होते आणि नंतर त्याची जागा गार घेते. त्यामुळे दगडातली ही नक्षी म्हणजे "येथे पाणी उकळत होते" अशी लेखी साक्ष आहे. उकळताना पाण्यातला हायड्रोजन सल्फाइड वायू वाफेबरोबर निघून जातो, आणि त्याच्याच आधाराने विरघळलेले सोने निराधार होऊन खाली बसते. काळ्या पट्टीत चांदीची गंधकयुक्त खनिजे असतात, आणि सोनेही बहुधा त्यांच्याच संगतीत.

इतके बारीक सोने पाऱ्याने नीट पकडता येत नसे. म्हणूनच १८८९ साली याच घळीतल्या क्राउन खाणीत सायनाइड पद्धतीची, म्हणजे सायनाइडच्या द्रावणात सोने विरघळवून काढण्याची, चाचणी झाली. प्रयोगशाळेबाहेर खाणीवर ती वापरून पाहण्याचा जगातला हा पहिला प्रसंग मानला जातो. परतताना वाइकिनोजवळ व्हिक्टोरिया बॅटरीचे अवशेष पाहिले. बॅटरी म्हणजे दगड कुटण्याचा कारखाना. येथे २०० लोखंडी मुसळे एका वेळी चालत. आता काँक्रीटचे चबुतरे आणि त्यांच्यात वाढलेले गवत उरले आहे.

तिसरा दिवस : वाइही

वाइही गावाच्या मुख्य रस्त्यावरून पाच मिनिटे चालले की जमीन संपते. समोर मार्था खाणीचा खड्डा : सुमारे २५० मीटर खोल, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला, आणि त्याच्या काठाला चिकटून घरे, शाळा, दुकाने. येथे १८७८ साली शीर सापडली. १९५२ पर्यंत भूमिगत खाण चालली आणि तिच्यातून सुमारे १७० टन सोने व हजार टनांहून अधिक चांदी निघाली. बोगदे ६०० मीटर खोलीपर्यंत गेले होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वरून खुली खाण सुरू झाली, त्यामुळे खड्ड्याच्या भिंतीत जुन्या बोगद्यांची काळी तोंडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उघडी पडलेली दिसतात.

काठावर जुन्या पंपघराची तीन मजली काँक्रीटची वास्तू आहे. १९०४ची ही इमारत मूळ जागेखालची जमीन अस्थिर झाल्यामुळे २००६ साली अखंड उचलून सुमारे ३०० मीटर सरकवली. त्या सरकवण्याची गोष्ट आम्हाला काठावर कुत्र्याला फिरवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितली. इमारत दिवसाला इतकी हळू सरकत असे की रोज पाहायला येणाऱ्यांत शेवटी तेच एक उरले, असे ते म्हणाले. मग त्यांनी मला विचारले, "तुम्ही सोन्यासाठी आलात की खड्ड्यासाठी?" मी म्हटले, "जे दिसत नाही त्यासाठी." त्यांनी खड्ड्याकडे बोट केले आणि म्हणाले, "मग तेही इथे भरपूर आहे."

भिंतीवर दुर्बीण लावली तर शिरा पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात. आता असा खड्डा नाही, वर शंभर मीटर नवा खडक आणि राख आहे, अशी कल्पना करायची. त्याखालची शीर शोधायची कशी? वाइहीच्या आसपास हा खरोखरचा प्रश्न आहे, कारण शिरा सुमारे साठ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत आणि नंतरच्या उद्रेकांतली राख व इग्निंब्राइट (तापलेल्या राखेचा घट्ट झालेला खडक) त्यांच्यावर जागोजागी पसरलेले आहे. जमिनीतून येणारे गॅमा किरण मोजून पोटॅशियम जास्त कुठे आहे हे कळते, आणि शिरांभोवतीच्या खडकात पोटॅशियम वाढलेले असते हेही खरे. पण हे किरण जमिनीच्या वरच्या तीसचाळीस सेंटिमीटरमधलेच पोहोचतात. वर राखेची चादर असेल तर हे मापन आंधळे होते. चुंबकीय मापन राखेखालचे पाहू शकते, पण खडक पुसला गेला आहे एवढेच ते सांगते. शीर नेमकी कोठे आहे ते सांगत नाही.

तेथे विजेचा उपयोग होतो. चिकणमाती झालेला खडक वीज सहज वाहून नेतो, त्याची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याची क्षमता, काही ओहम-मीटरपर्यंत उतरते. गारेची जाड शीर आणि तिच्या लगतचा सिलिकेने भरलेला खडक मात्र वीज अडवतो, शेकडो ओहम-मीटरपर्यंत. म्हणजे मऊ, वाहक खडकाच्या पोटात उभी, रोधक भिंत शोधायची. काही किलोमीटर दूर जमिनीत प्रवाह सोडायचा, त्याची वारंवारता बदलत जायची, आणि इकडे विद्युत व चुंबकीय क्षेत्र मोजत रेषेने पुढे सरकायचे, अशी एक पद्धत या परिसरात वापरली गेली आहे. वारंवारता कमी तितकी नजर खोल. दुसऱ्या एका पद्धतीत प्रवाह तोडल्यावर जमीन किती वेळ "विसरत" नाही हे पाहतात. पायराइटचे कण विखुरलेले असतील तर जमीन विद्युतभार काही क्षण धरून ठेवते.

मी बाळबोध प्रश्न विचारला : सोन्याची शीर आणि नुसत्या गारेची शीर यांत यंत्राला फरक कळतो का? भाचा म्हणाला, "मुळीच नाही. रिकामी शीरही तितकीच सुंदर दिसते." वाइहीतल्या त्या दुपारी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत हे उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटले. भूभौतिकीच्या जाहिरातवजा लेखनात रंगीत नकाशावरच्या लाल ठिपक्याला सोने म्हणण्याची जी घाई असते, तिच्यावर हा चांगला उतारा आहे.

खड्ड्याभोवतीची पायवाट सुमारे चार किलोमीटरची आहे. दोन तास हाताशी ठेवावेत आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट न्यावे.

चौथा दिवस : शेतातली तीनशे मीटरची रेघ

या दिवसासाठी भाच्याने गावाच्या पश्चिमेला एका दूधउत्पादकाच्या शेतात चालण्याची परवानगी काढून ठेवली होती. मला चुंबकमापनाची एक रेघ स्वतः चालायची होती. तीनशे मीटर, दर पाच मीटरवर एक मापन, म्हणजे एकसष्ट थांबे. पाऊस अधूनमधून भुरभुरत होता आणि गवत घोट्यापर्यंत भिजलेले होते.

यंत्र प्रोटॉन पद्धतीचे होते. काठीच्या टोकावर डब्यासारखा संवेदक असतो, त्यात हायड्रोजनयुक्त द्रव. क्षणभर प्रवाह देऊन त्यातले प्रोटॉन एका दिशेला लावायचे, प्रवाह तोडायचा, आणि ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे किती वेगाने फिरतात ते मोजायचे. वर्गात मी हे शेकडो वेळा शिकवले आहे. शेतात, गमबूट चिखलात रुतलेले असताना, ५४ हजार नॅनोटेस्लांच्या (हे चुंबकक्षेत्राचे एकक) आसपासचा पहिला आकडा पडद्यावर उमटला तेव्हा मात्र मी उगाचच मागे वळून, कोणी विद्यार्थी आहे का, ते पाहिले.

पहिल्या दहा थांब्यांचे आकडे वेड्यासारखे नाचत होते. भाचा बांधावरून ओरडला, "मामा, पट्टा!" माझ्या कमरेच्या पट्ट्याचे पोलादी बक्कल, खिशातल्या किल्ल्या आणि मोबाइल, सगळे बरोबरच होते. ते काढून, पँट सुतळीने बांधून, पुन्हा पहिल्या खुंटीपासून सुरुवात केली. ज्यांना कधी असे मापन करायचे असेल त्यांनी आदल्या रात्रीच कपडे तपासावेत; बुटांच्या टाचेत पोलादी पट्टी असते, चष्म्याच्या काड्याही कधी दगा देतात. शिवाय तारेचे कुंपण, लोखंडी फाटक आणि जनावरांसाठीची विजेची तार यांपासून शक्य तितके लांब राहावे, आणि दर तासाला एका ठरलेल्या खुंटीवर परत येऊन मापन घ्यावे, कारण पृथ्वीचे क्षेत्र दिवसभरात आपले आपणच काही दहा नॅनोटेस्लांनी हलते. ती हालचाल वजा केली नाही तर सूर्याच्या करामती खडकाच्या माथी मारल्या जातात.

दुपारी गोठ्याच्या वळचणीला बसून आलेख काढला. सुरुवातीच्या शंभर मीटरमध्ये रेघ दोनतीनशे नॅनोटेस्लांनी वरखाली उसळत होती. तिथे उघड्या खडकालाही घळीतले ते साबणाच्या वडीएवढे यंत्र लावून पाहिले होते आणि तो ताजा अँडेसाइट होता. पुढे रेघ खाली आली आणि जवळजवळ सपाट झाली, भिजलेल्या सुतळीसारखी. तीच शांतता मी दोन दिवसांपूर्वी घळीत पन्नास पावलांत पाहिली होती. पण या सपाट भागात, एकाच थांब्यावर, बाराशे नॅनोटेस्लांचा सुळका होता आणि त्याच्या लगेच दक्षिणेला खोल खाच. शिखर उत्तरेला, खाच दक्षिणेला, ही दक्षिण गोलार्धाची खूण. सुळका इतका अरुंद होता की त्याचे कारण फार तर मीटर दीड मीटर खोल असणार, एवढे मलाही कळले.

त्याचे स्पष्टीकरण शेतकऱ्याच्या आईने दिले. त्या फेजोआची पिशवी घेऊन आल्या होत्या. एप्रिलमध्ये ही हिरवी, अंड्यासारखी फळे झाडाखाली इतकी पडतात की लोक ती पाहुण्यांच्या गळ्यातच मारतात. अर्धे कापून चमच्याने गर खायचा. चव पेरू आणि अननस यांच्या मधली, वास मात्र त्याहून तीव्र. आलेखावर बोट ठेवून त्या म्हणाल्या की तिथे त्यांच्या सासऱ्यांनी जुन्या खाणीच्या ट्रॉलीचा रूळ पुरला होता, नांगराला अडे म्हणून. भाच्याने वहीत "रूळ" असे लिहून त्या थांब्याभोवती वर्तुळ केले. मला त्या क्षणी वाटले की सर्वेक्षणाच्या खर्चात शेतकऱ्याच्या आईशी चहा पिण्याचा एक तास नेहमीच धरला पाहिजे.

पाचवा दिवस : वायओतापू

दक्षिणेला रोटोरुआकडे निघालो तसा खडक बदलला आणि काळही. कोरोमंडलचे ज्वालामुखी थंड झालेले आहेत; तौपोच्या ज्वालामुखी पट्ट्यात गरम पाणी आजही वर येत आहे, आणि जमीन वर्षाला काही मिलिमीटरने ताणली जात आहे. रोटोरुआत गाडीची काच खाली केली की सडक्या अंड्यांचा वास आत येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचाच. म्हणजे सोन्याला पाण्यात धरून ठेवणारा वायू आपण नाकाने ओळखतो.

वायओतापूचे शॅम्पेन कुंड ६५ मीटर व्यासाचे आणि जवळजवळ तितकेच खोल आहे. सुमारे ९०० वर्षांपूर्वी वाफेच्या स्फोटाने ते तयार झाले. पृष्ठभागाचे तापमान ७४ अंशांच्या आसपास असते आणि तळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत वर येतात, म्हणून हे नाव. त्या सकाळी थंडी होती, त्यामुळे वाफ इतकी दाट होती की पलीकडचा काठ दिसेना. मग वारा फिरला आणि काठाचा नारिंगी पट्टा एकदम उघडा पडला. असा रंग मी निसर्गात पाहिलेला नव्हता. ओल्या शेंदराचा लेप द्यावा तसा. तो आर्सेनिक आणि अँटिमनी यांच्या गंधकयुक्त गाळाचा आहे, आणि १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात या गाळात टनामागे ८० ग्रॅमच्या आसपास सोने आढळले होते. वाइहीच्या खाणीत याच्या कित्येक पट कमी प्रतीच्या दगडावर पिढ्या जगल्या. अर्थात गाळाचा थर पातळ आहे, कुंड संरक्षित आहे आणि स्थानिक माओरी लोकांसाठी हे पाणी पवित्र आहे. 'वायओतापू' या नावाचाच अर्थ पवित्र पाणी असा होतो. लाकडी वाटेवरून पाय खाली ठेवू नये. कवच पातळ असते आणि खाली उकळते पाणी.

भूभौतिकीच्या दृष्टीने ही जागा म्हणजे वाइहीचे जिवंत रूप. गरम, खारट पाणी आणि चिकणमाती यांमुळे इथली जमीन वीज इतकी सहज वाहू देते की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केवळ रोधकता मोजून या पट्ट्यातल्या भूऔष्णिक क्षेत्रांच्या सीमा आखल्या गेल्या. आत पाच-दहा ओहम-मीटर, बाहेर शेकडो. जपानमध्ये क्यूशू बेटावर हिशिकारीची अत्यंत समृद्ध शीर १९८१ साली वेधछिद्रात सापडली, तिच्या आधीही रोधकतेचे आणि गुरुत्वाचे सर्वेक्षण झालेले होते. तिथे कमी रोधकतेने बदललेला खडक दाखवला, तर गुरुत्वाच्या उंचवट्याने खालचा जुना, जड खडक वर उचलला गेल्याचे सुचवले; दोन्हींचा मेळ बसला तेथे छिद्र घेतले गेले.

मला शंका आली : पाणी थंड होऊन निघून गेल्यावर रोधकता पुन्हा वाढायला हवी. भाचा म्हणाला की वाढते, पण पूर्ण नाही; मीठ आणि उष्णता जातात, चिकणमाती राहते. म्हणूनच साठ लाख वर्षांनीही वाइहीत खुणा मिळतात. आणि म्हणूनच फसगतही होते, कारण तळ्यात बसलेला साधा गाळ किंवा हवापाण्याने कुजलेली राख यांतही चिकणमाती असते. नकाशावर दोन्ही सारखीच निळी दिसतात.

सहावा दिवस : ओहाआकीच्या जवळ, आणि परत

शेवटच्या दिवशी भाच्याला रात्रभर ठेवलेले एक मापनयंत्र उचलायचे होते. ते एका कुरणात होते आणि दूरवर ओहाआकीच्या वीजकेंद्राचा १०५ मीटर उंच मनोरा वाफ सोडत होता. त्या केंद्राच्या विहिरींची गोष्ट त्याने गाडीतच सांगितली. खोलवरच्या गरम पाण्यात सोने किलोमागे एकदीड मायक्रोग्रॅमच असते. पण विहिरीच्या तोंडाशी दाब एकदम उतरतो, पाणी उकळते, आणि तिथल्या पोलादी चकत्यांवर जमलेल्या खपलीत सोन्याचांदीचे प्रमाण कितीतरी वाढलेले १९८०च्या दशकात आढळले. पत्त्यांच्या कॅटासारखी ती नक्षी मला लगेच आठवली. दगडात जे वाचले होते ते येथे नळाच्या तोंडाशी घडत होते. पापुआ न्यू गिनीच्या लिहिर बेटावर अशाच पाण्यातून वर्षाला सुमारे २४ किलो सोने वर येते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेले मोजमाप आहे. त्या गतीने तिथला १,३०० टनांचा साठा जमायला ५५ हजार वर्षे पुरतात. भूविज्ञानात हा पापणी लवण्याइतका काळ.

कुरणातले यंत्र स्वतः कोणताही प्रवाह सोडत नाही. दूरवरच्या विजा आणि सूर्यवाऱ्याने हलणारे पृथ्वीचे चुंबकक्षेत्र जमिनीत जे सूक्ष्म प्रवाह निर्माण करतात, ते ऐकत बसते. चुंबकीय बदल टिपणारी तीन वेटोळी, उत्तर, पूर्व आणि उभ्या दिशेला पुरलेली. मिठाच्या चिखलात बसवलेले चार विद्युतअग्र. मधे बॅटरी आणि नोंदणीपेटी. हेलकावे जितके संथ तितकी खोलवरची बातमी : शंभर ओहम-मीटरच्या खडकात एक सेकंदाचा हेलकावा सुमारे पाच किलोमीटरपर्यंत पोहोचतो. त्याहून खोल पाहायचे तर शेकडो सेकंदांचे हेलकावे हवेत, आणि ते पुरेशा संख्येने गोळा व्हायला अख्खी रात्र लागते. याच पद्धतीने या पट्ट्याखाली काही किलोमीटर खोलीवर, गरम पाण्याच्या वाटा असाव्यात असे वाहक खांब दिसले आहेत. वर उभे राहून पाहिले तर मात्र गवत, शेणाचे पो, आणि पेटीवर झाकलेले ताडपत्रीचे फडके.

पेटी उघडताच भाच्याचा चेहरा उतरला. नोंद पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी थांबली होती. आम्ही तारेवरून चालत गेलो. पूर्वेच्या अग्राकडे जाणारी तार मधेच तुटलेली होती आणि तुटलेल्या टोकाचे आवरण चावून चावून मऊ झालेले होते. वीस पावलांवर एक काळीपांढरी गाय रवंथ करत आमच्याकडे पाहत उभी होती. तात्पुरते कुंपण घातलेले होते, पण त्याची एक खुंटी आडवी पडली होती. यावर पुढच्यांना सूचना एवढीच की तारा वीतभर खोल पुराव्यात आणि जनावरे कोणत्या कुरणात असतील हे त्या दिवशी सकाळी नाही, संध्याकाळी विचारावे.

ऑकलंडपर्यंतच्या वाटेवर गाडीत फेजोआचा वास कोंडला होता. विमानतळावर मी होकायंत्र पुन्हा एकदा काढले आणि अर्थातच सुई टेकलेलीच होती. आठवडाभराने भाच्याने कळवले की दोन चाळीसपर्यंतची नोंद उत्तम आली आहे आणि तिच्यातून पाच-सहा किलोमीटरपर्यंतचे चित्र काढता येईल. त्याखालची खोली गाईने खाल्ली.